सोफ्यावर बसलं की बास जातो कुठे?

प्रश्न : आम्ही मूळचे जळगाव जिल्ह्यातले, दोन पिढ्यांपासून सुरतेत आहोत. डिंडोलीत नवा फ्लॅट घेतला. हॉल १८ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच. अरुंद भिंतीवर टीव्ही, त्याच्या दोन्ही बाजूंना टॉवर स्पीकर, मधे सेंटर स्पीकर. टॉवरच्या माहितीपत्रकावर ‘फुल रेंज, ३५ हर्ट्झपासून’ असं छापलंय. दिवाळीत १२ इंची सबवूफर आणला आणि टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला. दुकानदार म्हणाला, टॉवर मोठे आहेत, तेव्हा रिसिव्हरमध्ये ते ‘लार्ज’ ठेवा आणि सबला ‘एलएफई प्लस मेन’ लावा. तसंच केलं. सोफा हॉलच्या बरोबर मध्यावर आहे. तिथे बसलं की बास पोकळ वाटतो, आणि मागे जेवणाच्या टेबलापाशी उभं राहिलं की शोकेसच्या काचा थरथरतात. मुलगा म्हणतो, याहून मोठा सब घेऊ. वडील तीस वर्षं लूमच्या खात्यात होते. ते म्हणतात, या डब्यामुळे कोण काय बोलतंय तेच कळत नाही, बंद करा. खालच्या मजल्यावरच्यांची रात्री तक्रार असते ती वेगळीच. सबमध्ये दोष आहे की आमच्या मांडणीत?
– एक वाचक, डिंडोली, सुरत

उत्तर : तुमचा सब ठणठणीत आहे. हे मी पत्रावरूनच सांगू शकतो, कारण हॉलची मापं आणि सोफ्याची जागा तुम्ही नेमकी कळवलीत आणि तुमच्या तक्रारीचं निम्मं उत्तर त्या मापांतच आहे. मोठा सब आणलात तर सोफ्यावरचा बास आहे तेवढाच पोकळ राहील आणि शोकेसच्या काचा मात्र जास्त थरथरतील. तेव्हा पैसे सध्या खिशातच असू द्या.

आधी ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’चा घोळ मिटवू. हे दोन शब्द रिसिव्हर बनवणाऱ्यांनी फार वाईट निवडले. चार फूट उंच टॉवर घेतलेल्या माणसाला ‘स्मॉल’ हा पर्याय निवडणं जिवावर येतं, आणि दुकानदारालाही गिऱ्हाइकाला तसं सांगणं अवघड जातं. पण स्पीकरच्या आकाराशी त्या शब्दाचा संबंध नाही. ‘स्मॉल’ म्हणजे एका ठरावीक वारंवारतेच्या खालचा आवाज या स्पीकरकडे पाठवू नका, तो सबकडे वळवा, एवढाच हुकूम. ‘लार्ज’ म्हणजे सगळं स्पीकरकडेच जाऊ द्या. आणि ‘एलएफई प्लस मेन’ म्हणजे तोच खालचा आवाज टॉवरलाही द्या आणि सबलाही द्या. काही कंपन्या याला ‘डबल बास’ म्हणतात, काही ‘एक्स्ट्रा बास’. नावं ऐकून जास्त मिळाल्यासारखं वाटतं खरं. प्रत्यक्षात तुमच्या हॉलमध्ये एकच खालचा स्वर आता तीन जागांवरून निघतोय: डावा टॉवर, उजवा टॉवर आणि कोपऱ्यातला सब. तिन्हींचं सोफ्यापासूनचं अंतर वेगळं, तिन्हींची वेळ वेगळी. कुठे त्या लहरी एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून पहिलं काम: टॉवर ‘स्मॉल’ करा, सबचा पर्याय नुसता ‘एलएफई’ ठेवा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर लावा.

‘मग ३५ हर्ट्झपर्यंत जाणारे टॉवर घेऊन काय उपयोग?’ हा प्रश्न तुमच्या मनात येणार, आणि तो रास्त आहे. माहितीपत्रकावरचा ३५ हा आकडा, टॉवर तिथपर्यंत ‘पोचतो’ एवढंच सांगतो. तो तिथे किती जोरात आणि किती स्वच्छ वाजतो, ते सांगत नाही. स्वर एक सप्तक खाली गेला की तितकाच मोठा आवाज काढण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावं लागतं. ८० हर्ट्झला पडदा एक मिलिमीटर हलत असेल तर ४० हर्ट्झला चार आणि २० हर्ट्झला सोळा. टॉवरमधला साडेसहा इंची पडदा एवढी धाव घेऊ शकत नाही, आणि धाव घेण्याच्या प्रयत्नात त्याच्याकडून वाजणारा वरचा आवाजही गढूळ होतो. शिवाय टॉवरला मागे किंवा पुढे भोक असेल, म्हणजे तो पोर्टेड असेल, तर त्या भोकाच्या ठरलेल्या स्वराच्या खाली पडद्याला हवेचा आधारच उरत नाही. ८० च्या खालचं ओझं उतरवलंत की टॉवर मोकळे होतात, रिसिव्हरच्या ॲम्प्लिफायरवरचा भार हलका होतो, आणि टॉवरचा खरा गुण, म्हणजे गाण्याचा आणि संवादाचा पट्टा, स्वच्छ ऐकू येतो. आणि टॉवर ३५ पर्यंत जाणारे असल्याचा फायदाही मिळतोच. क्रॉसओव्हर म्हणजे तोडलेली कडा नव्हे, तो उतार असतो. बहुतेक रिसिव्हर स्पीकरचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरवतात आणि सबचा २४ डेसिबलने. या उतारावर टॉवर भक्कम असावा लागतो, म्हणजे त्याची मर्यादा क्रॉसओव्हरच्या एक सप्तक तरी खाली असावी. तुमची ३५, क्रॉसओव्हर ८०. जोडी उत्तम जमते.

हा ८० चा आकडा आला कुठून? सिनेमागृहात सबवूफरचा दणका लोकांनी पहिल्यांदा अनुभवला तो १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ या हॉलिवूडपटात. भूकंपाच्या दृश्यांसाठी थिएटरात सर्विन-व्हेगा कंपनीचे अवाढव्य सबवूफर बसवले होते, त्या पद्धतीचं नाव ‘सेन्सराउंड’. पुढे लुकासफिल्ममध्ये टॉमलिन्सन होल्मन यांनी टीएचएक्स ही मानकपद्धत उभी केली. १९८३ चा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ हा त्या मानकाने दाखवला गेलेला पहिला चित्रपट. घरच्या थिएटरसाठी टीएचएक्सने ८० हर्ट्झ ठरवला, कारण त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला ओळखता येत नाही. ८० हर्ट्झची एक लहर सुमारे १४ फूट लांब. आपल्या दोन कानांत अंतर एका वितीचंही नाही. एवढी लांब लहर दोन्ही कानांना जवळजवळ एकसारखीच भेटते, मग दिशा कळणार कशी? म्हणून सब कोपऱ्यात असला तरी बास पडद्यावरून आल्यासारखा वाटतो. तुम्हाला ‘आवाज उजव्या कोपऱ्यातून येतोय’ असं जाणवत असेल तर त्याची कारणं बहुधा दोनच: क्रॉसओव्हर फार वर लावलाय, किंवा सबच्या जवळची एखादी वस्तू, खिडकीची सरकती काच, टीव्ही युनिटचा दरवाजा, फॉल्स सीलिंगमधला दिवा, खडखडतेय. खडखड वरच्या वारंवारतेची असते आणि कान तिची दिशा लगेच पकडतो.

आता तुमच्या हॉलकडे येऊ. इथे थोडं थांबून वाचा, कारण खरी गोम इथे आहे.

सुरतेच्या उबदार हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४७ मीटर जातो. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर. ज्या स्वराची अर्धी लहर बरोबर साडेपाच मीटर असते तो स्वर या दोन भिंतींच्या मध्ये अडकतो, स्थिर होतो. तो स्वर येतो सुमारे ३२ हर्ट्झ. त्याच्या दुप्पट, ६३ हर्ट्झ, हाही अडकतो. रुंदीच्या ११ फुटांत ५२ हर्ट्झ अडकतो आणि उंचीत ६०. हॉल एका बाजूने स्वयंपाकघराकडे किंवा बोळाकडे उघडा असेल तर हे आकडे थोडे सरकतील, पण चित्र तेच राहील. अशा अडकलेल्या स्वराचा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त असतो. आणि लांबीतला जो पहिला, ३२ हर्ट्झचा, त्याचा दाब हॉलच्या बरोबर मध्यावर शून्य असतो. तुमचा सोफा कुठे आहे? बरोबर मध्यावर. जेवणाचं टेबल कुठे आहे? मागच्या भिंतीपाशी. सब तो स्वर वाजवतोय, पूर्ण जोराने वाजवतोय. सोफ्यावर तो पोचत नाही आणि टेबलापाशी दुप्पट पोचतो. सबचं नॉब कितीही फिरवलं, तिप्पट किमतीचा सब आणला, तरी शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच.

आपल्याकडच्या घरांत हे जास्त जाचतं. अमेरिकेतली घरं बहुतांशी लाकडी सांगाड्याची असतात, भिंती जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या. बासच्या लहरीने त्या भिंती थोड्या हलतात आणि हलताना बरीच शक्ती पिऊन टाकतात, काही बाहेर जाऊ देतात. आपल्या विटांच्या प्लास्टर केलेल्या भिंती, आरसीसीचा स्लॅब, व्हिट्रिफाइड फरशी, यांतलं काहीच हलत नाही. बास आत कोंडून राहतो. म्हणून परदेशी परीक्षणात ‘हलका’ म्हणून नोंदलेला सब सुरतेच्या वा पुण्याच्या हॉलमध्ये चांगलाच भारी वाटतो. आपल्याला सहसा बास कमी पडत नाही, तो नीट वाटला जात नाही.

तेव्हा दुसरं काम: सोफा हलवा. टीव्हीच्या भिंतीपासून सध्या ९ फुटांवर आहे, तो १२ फुटांवर न्या, म्हणजे लांबीच्या दोन-तृतीयांशावर. त्या ठिकाणी ३२ हर्ट्झ आणि ६३ हर्ट्झ या दोन्ही स्वरांचा दाब भिंतीपाशी असतो त्याच्या बरोबर निम्मा असतो. दोन्ही सारखे, कुणी पुढे नाही, कुणी गायब नाही. जेवणाचं टेबल आड येत असेल तर साडेअकरा फुटांवरही मोठा फरक पडेल. बसतानाची डोक्याची जागा मोजा, सोफ्याची पाठ नव्हे. मी तर म्हणेन, संपूर्ण उत्तरातली एकच गोष्ट करायची झाली तर हीच करा. हिला एक पैसा लागत नाही.

तिसरं काम सबची जागा. कोपऱ्यात तीन पृष्ठभाग, दोन भिंती आणि फरशी, एकत्र येतात आणि सबला फुकटचं बळ देतात. पण त्याच कोपऱ्यातून हॉलचे सगळेच अडकणारे स्वर पुरेपूर चेतवले जातात. रुंदीतला ५२ हर्ट्झचा स्वर सोफ्याच्या मधल्या जागेवर कमी आणि दोन टोकांना जास्त ऐकू येतो, म्हणजे एकाच सोफ्यावर बसलेल्या तिघांना तीन वेगळे बास. सब टीव्हीच्या भिंतीच्या मध्याजवळ आणता आला, टीव्ही युनिटच्या खाली किंवा लगत, तर हा स्वर मुळात चेतवलाच जात नाही. युनिट आड येत असेल तर जुनी, पण खात्रीची युक्ती करा. सब तात्पुरता सोफ्याच्या जागी, तुमचं डोकं असतं तिथे नेऊन ठेवा. बास गिटारचा सलग, सारखा फिरणारा ठेका असलेलं एखादं गाणं लावा. मग भिंतीकडेने जिथे जिथे सब ठेवणं घरच्यांना चालेल अशा प्रत्येक जागी जमिनीवर बसा आणि कान सबच्या उंचीला आणून ऐका. एका जागी सगळे स्वर घुमतील, दुसऱ्या जागी दोन स्वर नाहीसे होतील, आणि एखादी जागा अशी सापडेल जिथे गिटारचा प्रत्येक स्वर जवळपास सारख्या वजनाचा लागतो. सब तिथे ठेवा. ऐकणारा आणि वाजणारा यांची अदलाबदल केली तरी खोलीचा हिशेब तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. टीव्हीच्या भिंतीवरच जागा मिळाली पाहिजे असा हट्ट धरू नका.

सबच्या मागची नॉब मी भराभर सांगतो. सबला स्वतःचा क्रॉसओव्हर असतो, तो शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवा किंवा ‘एलएफई’ असं बटण असेल तर ते लावा. ते काम रिसिव्हर करतोय, दोघांनी केलं तर उतार दुहेरी होतो आणि मधे खड्डा पडतो. रिसिव्हरमध्ये ‘एलएफईचा लो-पास’ असा वेगळा पर्याय दिसेल, तो १२० हर्ट्झवरच असू द्या. ५.१ मधला ‘पॉइंट वन’ तो हा, आणि या खास ट्रॅकमध्ये १२० हर्ट्झपर्यंतचा आवाज भरलेला असतो. सबचं आवाजाचं नॉब मध्यावर ठेवून रिसिव्हरची स्वयंचलित मोजणी चालवा. मोजणीनंतर रिसिव्हरने सबची पातळी उणे १० च्याही खाली नेली असेल तर सबचं नॉब थोडं उतरवून मोजणी पुन्हा करा. मोजणीचा माइक सोफ्याच्या पाठीला टेकवू नका, कानाच्या उंचीवर मोकळा उभा करा. मोजणीनंतर टॉवर पुन्हा ‘लार्ज’ झालेत का, हे आवर्जून पाहा. बरेच रिसिव्हर मोठे टॉवर दिसले की आपणहून तसं करतात.

या मोजणीत एक आकडा तुम्हाला चकवेल. सब सोफ्यापासून टेपने मोजलं तर १२ फूट असेल आणि रिसिव्हर म्हणेल १९ फूट. तो दुरुस्त करायला जाऊ नका. सबमधली इलेक्ट्रॉनिक्स आवाज काही मिलिसेकंद उशिरा बाहेर सोडते, आणि रिसिव्हर तो उशीर अंतरात धरून सांगतो. एक मिलिसेकंद म्हणजे सव्वा फुटाला थोडं कमी. रिसिव्हर टेप लावत नाही, वेळ मोजतो.

वेळेचा हा हिशेब ‘फेज’पाशी येऊन थांबतो, आणि सब आणि टॉवर एकजीव होतात की नाही ते इथे ठरतं. ८० हर्ट्झच्या आसपास दोघेही वाजत असतात. टॉवरचा पडदा पुढे येतो त्याच क्षणी सबचा पडदा मागे जात असेल तर सोफ्यावर त्या स्वरापुरता आवाज बसतो, जणू कुणी मधलं पान फाडलंय. ८० हर्ट्झला अर्ध्या लहरीचा फरक म्हणजे सुमारे ७ फूट. घरातल्या अंतरांत तो सहज पडतो. तपासायला दोन माणसं लागतात. फोनवरच्या कुठल्याही टोन-जनरेटर ॲपवरून ८० हर्ट्झचा सलग स्वर टॉवर आणि सब दोन्हींवर बेताच्या आवाजात लावा. तुम्ही सोफ्यावर बसा, मुलाला सबच्या मागे पाठवा. त्याने फेजचं बटण शून्यावरून १८० वर न्यायचं, परत आणायचं. ज्या बाजूला स्वर तुमच्या कानाला मोठा लागतो ती बाजू बरोबर. मग रिसिव्हरमधलं सबचं अंतर एकेका फुटाने कमीजास्त करून पाहा आणि स्वर सर्वांत भरीव लागतो तिथे थांबा. मुलगा उत्साही दिसतो, त्याला रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिकायला सांगा. लॅपटॉपला यूएसबी माइक जोडला की हॉलमधला प्रत्येक खड्डा आणि उंचवटा आलेखावर दिसतो. मोठ्या सबच्या पैशांतला एक छोटा हिस्सा त्या माइकवर खर्च झाला तर माझी पूर्ण संमती आहे.

आणि माझी सर्वांत आवडती परीक्षा यंत्राची नाही, तबल्याची आहे. पं. सुरेश तळवलकर किंवा उस्ताद झाकीर हुसेन यांचं चांगलं मुद्रित झालेलं एकलवादन लावा आणि फक्त डग्ग्याकडे लक्ष द्या. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या खाली-वर फिरतो, म्हणजे नेमका तुमच्या क्रॉसओव्हरच्या हद्दीत. वादक ‘घे’ वाजवतो आणि बोटं पुडीवरून उठली तरी मनगटाचा तळवा दाबत पुढे सरकवतो. स्वर खालून वर घसरत जातो, सबच्या हद्दीतून निघून टॉवरच्या हद्दीत शिरतो. जोडणी साधली असेल तर ती मींड एका दमात, एकाच जागेवरून, एकाच वजनाने वर चढते. डग्गा तुमच्यासमोर मांडलेला दिसतो. फेज चुकली असेल तर मींड मध्येच पातळ होते आणि पुढे पुन्हा उगवते. सबची पातळी जास्त असेल तर मींडीची सुरुवात अंगावर येते आणि शेवट हरवतो. स्फोटाच्या दृश्याने हे कधीच कळणार नाही, तिथे सगळंच मोठं असतं. डग्गा मींडीसकट स्वच्छ लागला की सिनेमा आपोआप लागतो.

शांततेचीही परीक्षा घ्या. ‘सैराट’ घरी पाहत असाल तर शेवटच्या दृश्यात नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला आहे. तिथे तुमच्या सबमधून बारीक ‘घूं’ ऐकू येत असेल तर ती विजेची ५० हर्ट्झची घरघर आहे. सब आणि रिसिव्हर एकाच सॉकेटच्या पट्टीवर घ्या, केबल टीव्हीची किंवा डिशची तार काढून पाहा. तिच्या वाटेने ही घरघर पुष्कळदा येते. घरघर घालवायला तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. अर्थिंग जीव वाचवण्यासाठी आहे.

तुमच्या वडिलांचं म्हणणं मी हट्ट म्हणून सोडून देणार नाही. ते बरोबर बोलतायत. खालचा जोरदार आवाज वरच्या वारंवारतेचे बारीक आवाज झाकून टाकतो, हा कानाचा स्वभाव आहे. त्यातून त्यांनी तीस वर्षं लूमच्या खात्यात काढली. लूमच्या शेडमधला आवाज सर्रास ९० डेसिबलच्या वर जातो, आणि ९० डेसिबल ही आपल्याकडे आठ तासांच्या पाळीसाठी कमाल मर्यादा धरलेली आहे. अशा आवाजाने कान आधी ४ हजार हर्ट्झच्या आसपास अधू होतो. स, श, ट, क, थ ही व्यंजनं ओळखायला लागणारा आवाज त्याच भागात असतो. बास मात्र त्यांना तुमच्याइतकाच ऐकू येतो. म्हणजे त्यांच्या कानात शब्दांचा कणा झिजलेला आणि वरून ६३ हर्ट्झचा दणका. बोलणं कळणार कसं? वर सांगितलेली कामं केलीत की तो दणका बराच आटोक्यात येईल. शिवाय सेंटर स्पीकरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवा, त्याचा क्रॉसओव्हर ८० किंवा १०० ठेवा, म्हणजे संवादाच्या स्पीकरमध्ये गुरगुर राहणार नाही. आणि त्यांना ऑडिओमेट्री करायला घेऊन जा. उधना, लिंबायत, पांडेसरा, या भागांतल्या कितीतरी खानदेशी घरांत लूमवर आयुष्य काढलेले वडील आहेत आणि ‘वयामुळे कमी ऐकू येतं’ म्हणून गोष्ट तिथेच सोडली जाते. चाचणी अर्ध्या तासाची असते. श्रवणयंत्र लागलंच तर त्याची सवय लवकर लावलेली बरी.

खालच्या मजल्यावरच्यांचीही बाजू ऐकायला हवी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि ती मोजायची ‘ए’ प्रकारच्या मापाने. हे माप माणसाच्या कानाप्रमाणे खालचे स्वर कमी धरतं: ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कमी, ३१.५ हर्ट्झला ३९ डेसिबल कमी. त्यामुळे मीटर निर्धास्त दिसतो आणि खालच्या घरातली पलंगाची पाटी मात्र हादरत असते. मीटर दाखवून शेजाऱ्याशी वाद घालू नका. भिंतीला दोन इंची फोम चिकटवून हा बास थांबत नाही. ४० हर्ट्झची लहर २८ फुटांची आहे, तिला दोन इंची फोम जाणवतसुद्धा नाही. सबखाली जाड रबरी पॅड घातल्याने फरशीतून जाणारी थरथर काही अंशी कमी होते, हवेतून जाणारी नाही. रात्री दहानंतर रिसिव्हरची रात्रीची सोय, ‘नाइट मोड’ किंवा तत्सम, चालू करा आणि सबची पातळी ६ डेसिबल उतरवा. कमी आवाजात कानाला बास मुळातच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. त्यामुळे रात्री थोडी तहान राहील. ती शेजाऱ्यांसाठी सोसा.

राहिला मुलाचा प्रश्न, मोठ्या सबचा. आधी सोफा, मग सबची जागा, मग फेज, या क्रमाने सगळं करा आणि महिनाभर ऐका. त्यानंतरही सोफ्याच्या तीन जागांवर तीन वेगळे बास वाटत असतील तर मोठा एक सब घेऊ नका, आहे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा दुसरा घ्या. हार्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये चौकोनी खोल्यांत किती सब लागतात आणि ते कुठे ठेवावेत याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक सब, ही मांडणी त्यात फार चांगली ठरली. तुमच्या हॉलमध्ये एक टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरा जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवलात, तर लांबीतला ३२ हर्ट्झचा आणि रुंदीतला ५२ हर्ट्झचा, दोन्ही अडकणारे स्वर बऱ्याच अंशी निकालात निघतात. दोन सब वेगवेगळ्या मॉडेलचे असले की दोघांचा उशीर वेगळा, उतार वेगळा, आणि फेजचं गणित पुन्हा बिघडतं. तुमचं मॉडेल बाजारातून बंद होण्याच्या बेतात असेल तर तेवढ्यासाठी मात्र निर्णय लवकर घ्या.